मीठदाणीचे सहा पेन्स

वेक्सच्या सुट्टीत आमच्या ब्रॅकनक्लफमध्ये कुत्रंसुद्धा उरत नाही. गावातल्या सगळ्या कापडगिरण्या एकाच शनिवारी बंद होतात आणि सगळं गाव आठवडाभरासाठी ब्लॅकपूलला जातं. वर्षभर ज्यांची तोंडं बघितली त्यांचीच तोंडं समुद्राकाठी बघायची आणि आल्यावर हवापालट झाला म्हणून सांगायचं. खाटीक, पाववाला, न्हावी, सगळे तिकडेच. त्या आठवड्यात पाव हवा असेल तर बस धरून शेजारच्या गावी जावं लागतं, कारण त्यांचा वेक्स पुढच्या महिन्यात असतो.

आम्ही मात्र त्या आठवड्यात कधी गेलो नाही. माझा नवरा विल्फ गिरणीच्या इंजिनघरात कामाला. माग थांबल्याशिवाय बॉयलर उघडता येत नाही आणि धुराचे बोगदे खरवडता येत नाहीत, त्यामुळे ती सगळी घाण याच आठवड्यात निघते. संध्याकाळी तो असा काळाठिक्कर होऊन येतो की मी त्याला मागच्या अंगणातच कपडे उतरवायला लावते. आमची सुट्टी सप्टेंबरात, पाऊस पडायला लागल्यावर. लोकांना वाटतं, बिचारी मॉड! पण खरं सांगू का, रिकाम्या गल्लीत एकटीने मिरवण्यासारखं दुसरं सुख नाही.

मी सांगतेय तो चोपन्न सालचा वेक्स. त्या रविवारी मांसाचं रेशन उठायचं होतं. चौदा वर्षं आम्ही कूपन कापून मैलभर रांगेत उभ्या राहिलो, खाटकाच्या लाडक्या गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या आणि स्वतः त्याचं लाडकं गिऱ्हाईक व्हायला त्याच्या बायकोच्या टोपीचं कौतुक केलं. आणि आमच्या गावाचं नशीब बघा, नेमक्या त्याच दिवशी आमचा खाटीक ब्लॅकपूलच्या वाळूत पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेला.

शनिवारी सकाळी मी दारात उभी राहून सगळ्यांना निरोप दिला. समोरासमोरच्या दोन घरांतून दोन विधवा एकाच वेळी बॅगा घेऊन बाहेर पडल्या. या बाजूच्या फुटपाथवरून सेलिना हॅवर्थ आणि त्या बाजूच्या फुटपाथवरून अ‍ॅग्नेस ग्रिमशॉ. दोघी नाक वर करून स्टेशनाकडे निघाल्या. एकीने दुसरीकडे पाहिलं नाही.

या दोघींचे माग तीस वर्षं शेजारी शेजारी. नवरे होते तेव्हा चौघं मिळून ब्लॅकपूलला जात, नवरे गेल्यावर दोघी मिळून जायच्या. कायम एकच खाणावळ, एकच खोली. तीन वर्षांपूर्वी खाणावळवालीने बिलात नेहमीसारखे मीठदाणी वापरल्याचे माणशी सहा पेन्स लावले. अ‍ॅग्नेस म्हणाली, मी आठवडाभर मिठाला हात लावलेला नाही, मी देणार नाही. सेलिना भरल्या जेवणघरात म्हणाली, ‘‘खोटं बोलतेस. अंड्यावर घातलंस तू, मी पाहिलंय.’’ झालं. तिथून ज्या बोलायच्या बंद झाल्या त्या बंदच. दुसऱ्या वर्षीपासून दोघींनी दोन वेगळ्या खाणावळी धरल्या. एवढ्याशा मिठाच्या चिमटीवरून तीस वर्षांची मैत्री मोडणाऱ्या बायका कुठे बघायच्या असतील तर आमच्याकडे या.

आणि न बोलणं आमच्याकडे सोपं नसतं. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, त्यामुळे आम्ही गिरणीतल्या बायका ओठांनी बोलतो. आवाज न काढता तोंड मोठं करून, एकेक शब्द ओठांवर मांडून. तोंडं करणं म्हणतो आम्ही त्याला. सवयीने गिरणीबाहेरही तेच. आमच्या दोन बायका रस्त्याच्या दोन टोकांना उभ्या राहून आपल्या पोटाच्या ऑपरेशनची साद्यंत हकिगत एकमेकींना सांगतात, आणि मधून चाललेल्या पाद्रीबुवांना पत्ता लागत नाही. मी लग्नाआधी चार माग चालवलेत, त्यामुळे माझ्यापासून काही लपत नाही.

रविवारी सकाळी मी अंगणात विल्फचे कपडे वाळत घालत होते. गिरण्यांची धुराडी थंड झाली की आमचं आभाळ ओळखू येत नाही. लख्ख निळं. टेकड्यांवरच्या मेंढ्यासुद्धा दिसतात. अशा स्वच्छ आभाळात मला एक बारीकशी धुराची रेघ दिसली. सेलिनाच्या धुराड्यातून येत होती. चोर असेल तर चहा कशाला करेल, असा विचार आला खरा, पण तरी मी निखारे ढोसायची सळई उचलली आणि मागच्या बोळातून तिचं दार ढकललं.

सेलिना चुलीपाशी बसली होती, केसांना क्लिपा लावून. मला बघून ती उठलीच.

‘‘मॉड! दार लाव आधी. कुणी बघेल!’’

‘‘कोण बघणार आहे? मेंढ्या?’’ मी सळई खाली ठेवली. ‘‘तू तर काल बॅग घेऊन गेलीस ना गं? टोपीवर चेरी लावून?’’

‘‘स्टेशनापर्यंत गेले. मग गर्दीत मालधक्क्यामागून निघाले आणि कालव्याच्या कडेने परत आले.’’ ती खाली मान घालून म्हणाली. ‘‘शपथ आहे तुला, कुणाला सांगू नकोस. आणि तिला तर मुळीच नाही.’’

‘तिला’ म्हणताना तिने समोरच्या घराकडे हनुवटी उडवली. मी विचारलं, पैशांची अडचण आहे का. नव्हती. सुट्टीच्या बचतीतलं सगळं तसंच डब्यात होतं.

‘‘मग कशाला असं घुबडासारखं अंधारात बसायचं?’’

‘‘गेल्या वर्षी गेले होते ना एकटी,’’ सेलिना म्हणाली. ‘‘दिवसभर किनाऱ्यावरच्या बाकावर बसून राहिले. समोरून कुणी विचित्र टोपीची बाई गेली की मी कोपर मारायला जायची, आणि शेजारी कुणीच नाही. रात्री खोलीत रडले, मॉड. पंचावन्न वर्षांची बाई मी. पैसे देऊन रडायला कशाला जायचं? घरी फुकट रडता येतं.’’

मग तिने खरी गोष्ट सांगितली. आमच्या गिरणीतले माग एकेक करून बंद पडत होते आणि तिच्याकडचेही दोन बंद पडून नुसते उभे होते. तिची मुलगी तिकडे कॉव्हेंट्रीत, जावई मोटारींच्या कारखान्यात. त्यांनी आईला कायमचं बोलावलं होतं. सप्टेंबरात ती घर सोडणार होती. गल्लीत अजून कुणालाच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘मग बये, जायच्या आधी अ‍ॅग्नेसशी बोल. अशी जाऊ नकोस.’’

‘‘बोलले होते मी!’’ ती एकदम उसळली. ‘‘त्याच वर्षी, परत येताना गाडीत. माझं चुकलं म्हणाले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, तोंडावर म्हणायला लाज वाटली, पण म्हणाले. आणि ती? हूं की चूं नाही. दगडासारखी बसून राहिली. आता मी पुन्हा म्हणणार नाही. मला लाथ खायची हौस नाही.’’

मी काही बोलणार तोच बाहेरून एका पुरुषाचा खणखणीत आवाज आला. आम्ही दोघी जागच्या जागी उडालो. तो माणूस सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होता की आजपासून मांस आणि बेकनवरचं नियंत्रण उठलं आहे आणि लंडनच्या बाजारात व्यापाऱ्यांना भाव चढण्याची भीती वाटते आहे. रेडिओवरच्या बातम्या. आणि आवाज अ‍ॅग्नेसच्या बंद घरातून येत होता.

‘‘ती घरातच आहे!’’ सेलिना पडद्याआड सरकली. ‘‘तिने मला बघितलं असणार. मुद्दाम लावलाय बघ एवढ्याने, मला खिजवायला.’’

‘‘घरात लपलेली बाई असा रेडिओ लावते का, डोकं आहे का तुला?’’ मी म्हटलं आणि सळई घेऊन निघाले. एका सकाळीत दोन घरांत घुसायची वेळ आली, आणि मला वाटत होतं की गल्लीत मी एकटी आहे.

अ‍ॅग्नेसच्या मागच्या दारावर मी सळईने ठोकलं. उत्तर नाही. खिडकीतून बघितलं तर ती पाठमोरी बसलेली, रेडिओच्या पेटीवर हात ठेवून, कान जाळीला चिकटवून. मी तिच्या नावाने हाक मारली. दुसरी हाक अशी मारली की टेकडीवरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या असतील. अ‍ॅग्नेस हलली नाही. मी आत गेले, तिच्यासमोर उभी राहिले, तेव्हा कुठे ती किंचाळली.

‘‘मेले! मॉड टॅटरसॉल, जीव घेशील माझा!’’

मी रेडिओ बंद केला. तिच्याकडे पाठ करून म्हटलं, ‘‘सगळ्या गल्लीला ऐकू जातंय.’’ ती गप्प. मी वळले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

‘‘एवढा मोठा होता?’’ ती म्हणाली.

मग मला सगळं समजलं आणि माझ्याच डोक्यात सळई घालून घ्यावीशी वाटली. मागांनी आमच्यातल्या कितीतरी जणींचे कान खाल्लेत. पण अ‍ॅग्नेसला काहीच ऐकू येत नाही हे गल्लीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आमच्या गावात कुणाला कानांची गरजच पडत नाही. समोर उभं राहून तोंडं केली की झालं. गिरणीत ती सगळ्यांसारखीच. चर्चच्या गायकवृंदातून ती दोन वर्षांपूर्वी बाहेर पडली, तेव्हा आम्ही म्हटलं, सेलिना तिथे गाते ना, म्हणून रुसली.

‘‘इथे मी बहिरी नाहीच,’’ अ‍ॅग्नेस म्हणाली. ‘‘ब्लॅकपूलला गेले की बहिरी होते. खाणावळवाली मागून विचारते, वाढू का, आणि मी बघतच नाही. लोकांना वाटतं घमेंडखोर म्हातारी. गेल्या वर्षी धक्क्यावरच्या नाटकाचं तिकीट काढलं, चांगली पुढची खुर्ची. सगळे हसायचे थांबले की मी हसायला लागायची. शेजारची पोरगी आईला म्हणाली, ती बाई वेडी आहे का? तिचे ओठ दिसले मला. म्हणून या वर्षी स्टेशनावरूनच मागे फिरले.’’ तिने एप्रनने डोळे पुसले. ‘‘आधी सेलिना असायची. काय चाललंय ते मला तोंडाने सांगायची, नाटकसुद्धा. तिला वाटायचं मला कमी ऐकू येतं एवढंच. सगळं गेलंय हे तिला माहीत नाही. तिला सांगू नकोस, मॉड. भांडण केलं तर चालेल, पण तिने माझी कीव केलेली मला चालायची नाही. वचन दे.’’

मी वचन दिलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘त्या वर्षी गाडीत ती तुला काय म्हणाली गं?’’

‘‘काय म्हणणार? सगळा रस्ता खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. मी वाट बघत होते, आता वळेल, मग वळेल. माझं थोबाडही बघवेना तिला.’’

मी घरी आले आणि विल्फवर उगीचच ओरडले. तीन वर्षं! एक बाई बोलली आणि उत्तराची वाट बघत राहिली, दुसरी बोलण्याची वाट बघत राहिली, आणि मधे दोन हातांचा रस्ता. आणि माझ्या तोंडाला दोन्ही घरांनी कुलूप लावलेलं. विल्फ म्हणाला, ‘‘तू आणि कुलूप? बघू किती टिकतं.’’ मला राग आला, पण त्याचं खरं होतं.

मंगळवारी मी बसने शेजारच्या गावी गेले आणि बीफचा एक मोठा तुकडा घेतला. कूपन नाही, मिनतवाऱ्या नाहीत, बोट दाखवलं आणि म्हटलं, तो. खाटकाने सांगितलेला भाव ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण रेशन उठलं आणि दोन दिवसांत किमती शेफारल्या. तरी घेतला. तुकडा दोघांना फार मोठा होता. तो मी दोघांसाठी घेतलाच नव्हता.

परत आल्यावर मी तुकडा ओव्हनमध्ये टाकला आणि सरळ सेलिनाकडे गेले. वचन मोडायचं नव्हतं, त्यामुळे बसमध्ये वाक्य घोकत आले होते.

‘‘वरच्या खोलीत जा,’’ मी म्हटलं, ‘‘खिडकी उघड, आणि गाडीत अ‍ॅग्नेसला जे म्हणालीस तेच पुन्हा म्हण. पण या वेळी तोंड तिच्याकडे करून.’’

‘‘का म्हणून?’’

‘‘विचारू नकोस. तोंड तिच्याकडे करून, एवढंच.’’

ती भांडायला उठली. मग अर्ध्यात थांबली. तिने समोरच्या घराकडे बघितलं, त्या दिवशी जिथून रेडिओ बोंबलत होता तिकडे. तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

‘‘अरे देवा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मी खिडकीबाहेर बघत होते.’’

मी काहीच सांगितलं नाही, हवं तर कुणीही मला विचारावं. सेलिना जिना चढून गेली, आणि मी गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. तिने खिडकी वर सरकवली. समोरच्या खिडकीचे पडदे ओढलेले, मधे एक फट. हाक मारून उपयोग नव्हता. मग ती आत गेली आणि नवऱ्याचा दाढीचा आरसा घेऊन आली. गिरण्या चालू असत्या तर त्या आरशाचा काही उपयोग झाला नसता. पण वेक्सचं आभाळ होतं आणि ऊन स्वच्छ होतं. तिने कवडसा धरला आणि पडद्याच्या फटीतून अ‍ॅग्नेसच्या खोलीत सोडला. तो आतल्या भिंतीवर नाचत असणार. थोड्या वेळाने पडदा सरकला आणि अ‍ॅग्नेस दिसली, डोळ्यांवर हात धरून.

सेलिनाने आरसा खाली ठेवला. दोन्ही हातांनी चौकट धरली आणि तोंड केलं. अगदी सावकाश, नवीन पोरीला माग शिकवताना करतात तसं.

माझं चुकलं. तेव्हाच म्हणाले होते गाडीत. तुझ्याकडे बघून म्हणायला हवं होतं.

अ‍ॅग्नेस पुढे वाकली. मग तिची नजर खाली माझ्यावर आली, अशी की मी चपापले. मी दोन्ही हात वर केले आणि तोंड केलं: मी काही बोलले नाही.

सेलिनाचे ओठ पुन्हा हलले. मी सप्टेंबरात जातेय. कॉव्हेंट्रीला, पोरीकडे. कायमची.

अ‍ॅग्नेसचा चेहरा वाकडातिकडा होत होता आणि मला वाटलं, आता ही पडदा ओढणार. पण तिने खिडकी उघडली, जितकी उघडेल तितकी, आणि तोंड केलं.

मीठ मी घेतलं होतं.

सेलिनाने हात कानामागे नेला, जणू नीट ऐकू आलं नाही. सवयीची चेष्टा.

अंड्यावर, अ‍ॅग्नेसचे ओठ म्हणाले. रोज घ्यायची. तुला माहीत होतं, मेले.

त्या दोघी हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. मी एवढंच ओरडले की ओव्हनमध्ये मांस आहे आणि मागच्या बोळाने या. ओरडून काय उपयोग ते लक्षात आलं, मग तोंडही केलं.

त्या दिवशी आम्ही चौघं पोट फुटेस्तोवर जेवलो. विल्फने मीठदाणी अ‍ॅग्नेसपुढे सरकवली आणि म्हणाला, ‘‘घ्या बाई, आमच्याकडे फुकट आहे.’’ मी त्याला टेबलाखालून लाथ मारली, पण ती लागली सेलिनाला. उरलेला आठवडा दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसून होत्या. सेलिना रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमातला प्रत्येक विनोद तोंडाने सांगायची आणि अ‍ॅग्नेस आमच्याबरोबर हसायची, कधी कधी आधीसुद्धा.

शनिवारी संध्याकाळी गाड्या परत आल्या, तेव्हा दोघी कालव्याच्या कडेने जाऊन गर्दीत मिसळल्या आणि बॅगा घेऊन एकाच फुटपाथवरून, हातात हात घालून गल्लीत शिरल्या. सगळी गल्ली बघत राहिली. कोपऱ्यावरची पोस्टवाली मला म्हणाली, ‘‘समुद्राच्या हवेत जादू असते, मॉड. तुम्ही पण जायला हवं होतं.’’ मी म्हटलं, ‘‘हो ना, आमचं मेलं नशीबच तसलं.’’

सप्टेंबरात सेलिनाला पोचवायला अर्धी गल्ली स्टेशनावर आली होती. डब्याच्या खिडकीची काच अडकून बसली होती, खाली सरकेना. गाडी वाफ सोडत होती, आणि सगळे काचेवर ठोकून एकाच वेळी ओरडत होते, पत्र लिही, गळपट्टा घाल, जावयाचं काही ऐकून घेऊ नकोस. तिला त्यातलं अक्षरही ऐकू जात नव्हतं.

अ‍ॅग्नेस सगळ्यांना बाजूला सारून काचेसमोर उभी राहिली आणि दोघी बोलायला लागल्या. आरामात, काच नसल्यासारख्या. काय बोलल्या ते मला दिसत होतं, पण मी बघितलं नाही. गाडी हलली. अ‍ॅग्नेस फलाटावरून बरोबर चालत राहिली, मग जरा धावली, फलाट संपेपर्यंत. सेलिना काचेला नाक लावून बोलतच होती. पुढचं वळण येईपर्यंत तिने या वेळी तोंड फिरवलं नाही.